आवतणाचा वेल

टिण्...

मडक्यात काचेवर काच आपटल्याचा तो एवढासा आवाज झाला, आणि मघापासून भिंतीला टेकून मुकाट बसलेल्या बायांनी एकदम माना वर केल्या.

मुरबाडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात काजलला जाऊन आज दहावा दिवस होता. कोपऱ्यात तिची सहा वर्षांची लेक बारकी मांडीवर एक छोटं मडकं घेऊन बसली होती. ते पिण्याच्या पाण्याचं नव्हतं. काजल लहानपणापासून साखरेची सुई, इन्सुलिन, घेत आली होती, आणि घरात फ्रीज नसल्यामुळे सुईचं औषध गार राहावं म्हणून ती त्या मडक्यात ओली वाळू घालून वर वाटीत बाटल्या ठेवायची. आईच्या हातच्या वस्तूंना हात लावत फिरणाऱ्या त्या पोरीनं आज ते मडकं उचललं होतं.

बारकीनं आत हात घातला आणि बाटल्या एकेक करून ओळीनं जमिनीवर मांडल्या. तिच्या बापाचं, विनोदचं, तिकडे लक्ष गेलं. त्यानं एक बाटली उचलली, उजेडात धरली, मग दुसरी... आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं काजलच्या थोरल्या बहिणीला, रत्नाला, समोरून दिसलं.

"दिवाळीच्या आदल्या दिवशी मी आणून दिल्यात या," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येत नसावा. "एकीचंपण टोपण उघडलेलं नाय."

त्यानं बाटली खाली ठेवली.

"मला डॉक्टरांनी तीनदा विचारलं. सुई कधी घेतली होती यांनी? मी सांगितलं, रोज घेते. शपथेवर सांगितलं मी, रोज घेते म्हणून..."

"बाबा," बारकी बाटल्या पुन्हा सरळ करत म्हणाली, "आई सुई घेत नव्हती. ती हौसाआजीचा काढा घेत होती. मला बोललेली, बाबांना सांगू नको. सव्वा महिना झाला की गंमत सांगू."

सगळ्यांच्या नजरा दाराशी वळल्या. उंबऱ्याला टेकून हौसा बसली होती, रत्नाची सासू. डोळखांबकडच्या पाड्यावरची झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी. सांत्वनाला म्हणून सुनेबरोबर आलेली. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि खाली मान घातली. तिला वाटलं असेल, या नजरा आपल्यावरच आहेत. पण त्यांतली एकेक नजर आपल्याच काळजात रुतते आहे, हे या भरल्या घरात फक्त रत्नालाच ठाऊक होतं.

काजल तिची पाठची बहीण. आईबाप लवकर गेले तेव्हा रत्नानं तिला कडेवर वाढवलं होतं, तिला पहिली सुईसुद्धा रत्नानंच टोचली होती... आणि तिला मारलंही रत्नानंच.

*

दोन वर्षांपूर्वी रत्नाच्या सासऱ्यांच्या, कमळूबाबांच्या पायाला शेतात खुंट लागला आणि जखम भरेना. गावात आलेल्या शिबिरात रक्त तपासलं, साखर सव्वातीनशे. कार्ड मिळालं, गोळ्या मिळाल्या. बाबांनी त्या घरी आणल्या आणि कारवीच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवल्या.

"गोळ्या घ्या ना, बाबा," रत्ना म्हणाली होती.

"याडी का काय तू?" बाबा हसले. "बायको सगळ्या तालुक्याला औषध देते, नि मी सरकारी गोळी गिळू? लोक तिच्या तोंडावर थुंकतील गो."

ते खरंच होतं. हौसाचं औषध तिच्या आईकडून आलेलं, तिच्या आईला तिच्या आईकडून. आदल्या संध्याकाळी वेलाच्या मुळाशी मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवून आवतण द्यायचं, "उद्या येते, गुण घेऊन ये" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत न बोलता पाला खुडायचा. पैसा घ्यायचा नाही, नारळ ठेवला तर ठेवला. आणि वेलाचं नाव मरेपर्यंत कोणापुढे काढायचं नाही, नाव निघालं की गुण गेला. हौसाचे डोळे अंधुक झाल्यापासून पाला वाळवायचं, काढा उकळायचं काम रत्नाकडे आलं होतं, आणि आपल्यामागे हे सुनेकडे जाणार म्हणून म्हातारी सुखावली होती.

पण बाबांच्या पायाला गुण येईना. जखम काळी पडत घोट्यापर्यंत चढली. पाणवठ्यावर बाया कुजबुजू लागल्या, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हौसानं पाणवठ्यावर जायचं सोडलं. मग जेवण अर्धं केलं. एका पहाटे रत्ना मागीलदारी गेली तर सासू वईच्या कुंपणापाशी, त्या वेलापुढे बसलेली, वेलाचा शेंडा हातात धरून लहान मुलीसारखी विचारत होती, "माझं काय चुकलं रे? आवतण द्यायचं राह्यलं का कधी? सांग ना..."

रत्नाच्या अंतःकरणाचं पाणी पाणी झालं. याच म्हातारीनं, रत्नाचा मुलगा प्रणय तिच्या पोटात आडवा फिरला तेव्हा पुरातून डोली काढायला लावून, चार कोस तिचा हात न सोडता तिला दवाखान्यात पोचवलं होतं. "माझा पाला इथं कामाचा नाय, डाक्टर लागंल," असं स्वतःच्या तोंडानं म्हणून! आईवेगळ्या रत्नाला त्या रात्री आई मिळाली होती. त्या आईचं तोंड असं पडलेलं तिला बघवेना.

त्याच सकाळी तिनं कुडातली गोळी काढली, खलात बारीक कुटली आणि बाबांच्या काढ्यात मिसळली. काढा इतका कडू की त्यात आणखी काय कडू आहे ते कोणाला कळणार?

मग रोज. महिना संपला की ती उपकेंद्रावर जाऊन बाबांच्या नावानं गोळ्या आणायची. नर्सबाई विचारायच्या, "आबा घेतात ना वेळेवर?" ती म्हणायची, "घेतात." ते खोटंही नव्हतं.

चार महिन्यांत जखम भरली. शिबिरातल्या डॉक्टरांनी कार्ड दोनदा पाहिलं. बाबा काठी टाकून आंब्यावर चढले, नि खाली उभ्या असलेल्या हौसाला म्हणाले, "बघ गो, तुझ्या पाल्यानं वांदर केलं माझं." आणि हौसा हसली... किती महिन्यांनी! त्या हसण्यापुढे रत्नाला आपलं पाप पुण्यासारखं वाटलं. यात कोणाचं काय वाईट झालं? बाबा वाचले, आत्यांची, सासूबाईंची, अब्रू राहिली. एक गोष्ट आपल्या पोटात ठेवली तर आपलं पोट काय फाटणार आहे?

मग लोक येऊ लागले. सरळगावचे, किन्हवलीचे, मुरबाडचे. कमळूच्या पायाची गोष्ट जीपमध्ये बसून घरोघर गेली. येणारे बहुतेक उतारवयाचे, आपल्या गोळ्या चालू ठेवून वर हाही एक उपाय म्हणून काढा नेणारे. त्यातल्या काहींना थोडा उतारही पडायचा, कारण तो पाला काही नुसताच पाला नव्हता, त्याचा म्हणून एक गुण त्यात होताच. रत्ना प्रत्येकाला दाराबाहेर गाठून हळूच सांगायची, "गोळी सोडू नका हां." तेवढ्यावर तिला झोप लागायची.

आणि या दिवाळीत काजल आली.

दोघींना भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला काजल बहिणीकडेच यायची. बारकीला घेऊन आली, रंगीत बांगड्या घालून आली, पण दंडावर, पोटावर सुयांचे काळे ठिपके घेऊन. तिला दुसरं मूल हवं होतं. सासू टोमणे मारायची, "अगोदरच भोकं पडलेलं मडकं, त्यात पाणी कुठं ठरणार?" विनोद चांगला होता, पण कारखान्यातून पाळी करून आला की झोपायचा.

शनिवारी संध्याकाळी हौसा वेलाला आवतण द्यायला गेली, तेव्हा काजल आणि बारकी मागे गेल्या. रविवारी खुडलेल्या पाल्यातलं एक पान हौसानं गमतीनं बारकीच्या तोंडात दिलं. "चाव. आता गूळ खा बघू."

बारकीनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे मोठे झाले. "मावशी! हा गूळ माती झाला!"

सगळे हसले. प्रणयनंही पान मागितलं, बाबांनीही. एकटी काजल हसली नाही. तिनं स्वतः पान चावलं, गूळ खाल्ला, आणि कितीतरी वेळ तो जिभेवर घोळवत बसली.

"ताई," ती म्हणाली, "जिभेवरचं गोड एवढ्यात जातं, तर रक्तातलं का नाय जाणार गो?"

हौसानं तिला सव्वा महिन्याचा पाला बांधून दिला, आणि सगळ्यांना सांगायची तसं पथ्य सांगितलं. आंबट नको, सुकी मासळी नको, दुसरं औषध नको.

दुसरं औषध नको... रत्नाच्या हातातला काढ्याचा पेला तिथंच थांबला. त्या पेल्यात दुसरं औषध होतं. दोन वर्षं रोज होतं.

ती काजलला जीपपर्यंत सोडायला गेली. बारकी पुढे उड्या मारत चालली होती.

"काजल, ऐक. सुई मात्र सोडू नको."

"आत्या तर बोलल्या, दुसरं औषध नको."

"त्या सगळ्यांनाच बोलतात. तुझं वेगळं हाय. तुला डॉक्टरांनी सांगितलंय ना, सुईतलं औषध तुझ्या अंगात तयारच होत नाय. तू सोडायची नाय."

काजल थांबली. तिनं थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "तू खरं सांग. तुझ्या डोळ्यासमोर झालंय सगळं. बाबांनी एक गोळी तरी तोंडात घातली का?"

एकच वाक्य होतं. तिथं वाटेवर तिसरं कोणी नव्हतं. 'रोज घालतात, मी कुटून घालते,' एवढंच. पण काजल बोलघेवडी. मुरबाडला जाऊन ती विनोदला सांगणार, विनोद शेजारणीला, शेजारीण जीपमधल्या बायांना... आणि एक दिवस पाणवठ्यावर कोणीतरी हसून हौसाला विचारणार. रत्नाच्या डोळ्यांपुढे वेलाचा शेंडा धरून रडणारी म्हातारी उभी राहिली.

"नाय," ती म्हणाली. "बाबांनी नाय घातली."

काजल हसली. तिनं रत्नाचा हात दाबला, आणि जीपवाल्यानं दुसऱ्यांदा भोंगा दिला तशी पाल्याचं पुडकं पोटाशी धरून धावत सुटली.

काढा सुरू केल्यापासून नवव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटलं, दिवाळीचं काहीतरी बाधलं. दहाव्या दिवशी ती धापा टाकू लागली, श्वासाला पिकून नासलेल्या फळासारखा वास येऊ लागला. मुरबाडच्या दवाखान्यातून कल्याणला न्यायला गाडीत घातली, ती वाटेतच गेली. शुद्ध होती तोवर एकच बोलत होती... "ताईला बोलवा. ताईला विचारा."

काय विचारायचं होतं, ते कोणाला कळलं नाही.

*

मुरबाडहून सासूसुना जीपनं परतल्या. फाट्यावर उतरून त्या बांधाबांधानं चालू लागल्या. दुपार कलली होती, भात कापून नेलेली शेतं मोकळी पडली होती. हौसा पुढे, रत्ना मागे. मधेच हौसा बांधावर बसली.

"मी मारली गो तिला," ती म्हणाली. "दुसरं औषध नको बोलले मी. माझ्या आयशीनं शिकवलं तसं बोलले. मला काय ठाव, सुईपण त्यातच आली... पण त्यांना तर गुण आला. माझ्या नवऱ्याला आला, तिला का नाय? एवढं सांग मला, रत्ने. माझ्या हातून कुठं चुकलं?"

तोच प्रश्न. दोन वर्षांपूर्वी ती वेलाला विचारत होती, आज सुनेला.

रत्ना तिच्या पायाशी बसली. तिला वाटलं होतं, सांगताना आभाळ कोसळेल, पण शब्द तर किती थोडे निघाले. गोळी. खल. रोज सकाळी. उपकेंद्र. आणि जीपच्या वाटेवरचं ते 'नाय'...

हौसा ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्सं."

"म्हंजे त्यांचा पाय..."

"हो, आत्या."

"माझ्या पाल्यानं नाय."

म्हातारीनं आपले दोन्ही हात पालथे केले, सुलटे केले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. चार पिढ्यांचं काहीतरी त्या हातांतून वाळूसारखं सांडत असताना रत्नाला दिसत होतं, आणि ते सावरायला तिच्याजवळ ओंजळ नव्हती.

"का केलंस असं?"

"तुमी जेवत नव्हता. तुमी वेलापुढं बसून रडत होता. मला बघवेना, आत्या..."

हौसानं समोरच्या डोंगराकडे पाहिलं. मग अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "मला सांगितलं असतंस, तर रडले असते गो एक दिवस. दोन दिवस रडले असते. मेले नसते."

त्या वाक्यानं रत्ना फुटली. दहा दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आता बांध फुटल्यासारखं आलं. हौसानं तिला ओढून मांडीवर घेतलं, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि स्वतःही रडत राहिली... एकीनं दुसरीसाठी खोटं उभं केलं होतं, आणि त्या खोट्याखाली तिसरीच सापडून गेली होती. आता कोणी कोणाला माफ करायचं?

"बाराव्याला मी सगळ्यांपुढं सांगणार," रत्ना म्हणाली. "तुमच्यावर आळ राहू देणार नाय."

हौसानं डोळे पुसले. "नि पोर?"

"कोण?"

"बारकी. तिच्या आजीचं कमरेपासून खाली काय चालत नाय. बाप पाळीवर. पोर कोण बघणार? काजलच्या मागं तिला तूच हायेस. तू बोललीस, की विनोद तुला तिची सावलीपण देणार नाय."

"पण खरं तर..."

"खरं मला सांगितलंस ना? मग झालं." हौसा उठली, लुगडं झटकलं. "चल. ऊन गेलं."

*

बाराव्याला जेवणं झाली, आणि अंगणात घातलेल्या ताडपत्रीवर माणसं बसली असताना रत्नानं विषय काढला. बारकीला मी नेते, म्हणाली.

विनोदनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "पोरीला मी वसतिगृहात घालतो. त्या घरात पाठवणार नाय. त्या घरानं माझी बायको खाल्ली."

बारकी ताडपत्रीच्या कडेला बसून जमिनीवर काडीनं रेघा काढत होती, ती थांबली. रत्नाच्या ओठांवर सगळं आलं. सांगायचं, आत्ताच सांगायचं. ती उठू लागली...

आणि तिच्या खांद्यावर एक हात पडला. हौसा तिच्या आधी उभी राहिली होती, आणि त्या हाताच्या आधारानं उभी असल्यासारखं दाखवत तिनं सुनेला खाली दाबून धरलं होतं. तोच हात, जो पुरातून चार कोस सुटला नव्हता.

"मी बोलते," हौसा म्हणाली. "औषध मी दिलं. पथ्य मी सांगितलं. दोष माझा. माझ्या सुनेला यातलं काय ठाव नाय. ती तर जीपपर्यंत जाऊन बोललेली, सुई सोडू नको. हाय का नाय गो, बारके?"

"हो," बारकी म्हणाली. "मावशी बोललेली."

"ऐकलंत? मी अडाणी बाय. मला वाटलं, एका माणसाला गुण आला म्हंजे सगळ्यांना येतो. आता ऐका, माझ्या आयशीनं मला जे नाव मरेपर्यंत काढायचं नाय म्हणून सांगितलेलं, ते मी काढते. तो बेडकीचा पाला हाय. त्यात जांभळाच्या बिया. बस, एवढंच माझं औषध. आता त्यात गुण राह्यला नाय. कोणी माझ्या दारी येऊ नका."

मागं बसलेला धोंडी, विनोदचा चुलता, म्हणाला, "बेडकीचा? हात् तिच्या. आमच्या वईला हाय की, शेळ्या खातात."

कोणीतरी खुसकन हसलं आणि तोंड दाबलं. हौसाच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. जिवंतपणी आपलंच दिवसकार्य आपल्या हातानं घालणाऱ्या त्या म्हातारीला हे हसणंही पचवायचं होतं.

"विनोदा," ती पुढे म्हणाली, "त्या घरात मी राहणार नाय. शेतावरचं खोपट हाय, तिकडं राहीन. पोरीला माझी सावली लागणार नाय. पोर तिच्या मावशीला दे. आयशीची भूक मावशीच भागवील."

विनोदनं गुडघ्यात तोंड घातलं आणि गदगदून रडू लागला, आणि रत्नाला कळलं की पोर आपल्याला मिळाली. आयुष्यात हवं ते मिळाल्यावर इतकं मेल्यासारखं होतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती बसून राहिली. बोलायचं होतं तेव्हा एकदा खोटं बोलली होती, आणि आता खरं बोलायच्या वेळी गप्प होती... आणि दोन्ही वेळा ती बाईच ओझं उचलत होती, जिचं ओझं हलकं करायला म्हणून हे सारं सुरू झालं होतं.

*

दुसऱ्याच दिवशी हौसानं आपली वाकळ, एक पातेलं आणि काठी घेतली आणि ती शेतावर गेली. रत्नाचा नवरा भगीरथ आटगावच्या गोदामातून घरी आला, तेव्हा आईचा कोपरा रिकामा पाहून बायकोवर चिडला. "तू थांबवलंस पण नाय तिला?" रत्ना चुलीत लाकडं सारत राहिली. जाताना सासूनं तिच्या गळ्यात आणखी एक शपथ बांधली होती, भगीरथलासुद्धा सांगायचं नाही.

"आणि त्यांना आता गोळी हातावर दे," म्हणाली होती. "कुटू नको. माझं नाव सांग, घेतील."

रत्ना तसंच करत होती. पहिल्या दिवशी कमळूबाबांनी तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तिनं सांगितलंय?" "हो." त्यांनी गोळी तोंडात टाकली, नेहमीसारखं तोंड कडू केलं आणि जरा थांबले. जिभेवर काहीतरी ओळखीचं आल्यासारखे. पेला खाली ठेवला आणि शेताकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत खोपटापाशी बायकोच्या शेजारी बसून होते. मग रोजच जाऊ लागले.

पौष लागला. बारकीला येऊन आता महिना झाला होता. ती प्रणयशी खेळायची, शाळेत जायची, पण झोपताना रत्नाच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवायची, आणि रत्ना त्या मुठीकडे बघत पडून राहायची. पोरीच्या विश्वासाचा तो एवढासा भार तिला सोसवत नव्हता. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. कोणी मारलं असतं, हाकललं असतं... पण शिक्षा दुसरीच भोगत होती, आणि तिच्या वाट्याला ही मूठ आली होती.

एका रविवारी ती बारकीला घेऊन सासूची भाकरी पोचवायला निघाली. हौसाचा ताप दोन दिवस उतरत नव्हता, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की ती नुसतीच हसायची. मागीलदारच्या वईपाशी बारकी थांबली. वेल वाळत चालला होता. मुळाशी आवतणाचे तांदूळ कधीचे मुंग्यांनी नेले होते. कोणी खुडत नसल्यामुळे पानं जून होऊन पिवळी पडली होती.

बारकीनं त्यातलंच एक हिरवं पान शोधून तोडलं आणि चावत चावत चालू लागली. रत्नानं नको म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण तिला नको म्हणता आलं नाही.

खोपटाच्या दाराशी कमळूबाबा बसले होते. आत वाकळेवर हौसा पडली होती, डोळे उघडे. तिनं पोरीला पाहिलं आणि आपली सावली तिच्यावर पडू नये म्हणून असेल, आणखी आत सरकली. पण बारकी सरळ तिच्या उशाशी जाऊन बसली. तिनं भाकरीच्या फडक्यातला गुळाचा खडा उचलला, तोंडात टाकला, घोळवला.

"अजून माती लागतोय," ती म्हणाली.

हौसाच्या कोरड्या ओठांवर काहीतरी हललं. तिनं हात पुढे केला, आणि बारकीनं तो धरला. रत्ना भाकरी हातात धरून उभी होती. तिला वाटलं, देवा, एवढंच राहू दे, याच्यापुढं आता काही नको...

बारकीनं दाराशी बसलेल्या कमळूबाबांच्या पायाकडे पाहिलं, जिथं भरल्या जखमेचा पांढरा वण उन्हात चमकत होता. मग तिनं मावशीकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं, गूळ माती का होतो असं विचारतानाचं.

"मावशी, बाबाआजोबांना पाल्यानं गुण आला ना... मग माझ्या आईला का नाय आला?"